मंगळवार-शुक्रवारचा चोर

१५ सप्टेंबर, बुधवार

पोरी,

आशीर्वाद लिहीत नाही. तू घेशील की परत करशील याची खात्री नाही, तेव्हा सध्या माझ्याकडेच राहू देत.

इतक्या महिन्यांनी बापाचं अक्षर पाहून कोणी गेलं-बिलं असं मनात आलं असेल, तर आधीच सांगतो, सगळे आपापल्या जागी आहेत. तुझी आई काठी घेऊन चालते, दोन घास जेवते आणि चार शब्द मला सुनावते. मीही बरा आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र, आणि तेही कामाचंच. जावईबापूंना यंत्रातलं कळतं. त्यांना एवढंच विचार, की आमच्या गाडीला गजर बसवायचा झाला तर कुठला बसवावा.

गाडी म्हणजे आमचं घर. जुनं घर विकून आम्ही ही घेतली हे मावशीकडून तुझ्या कानावर आलं असेलच. विकणारा तिला मोटरहोम म्हणत होता, तुझी आई गाडी म्हणते, आणि छत गळायला लागलं की मी डबा म्हणतो. दोन बाकं, मधे टेबल, मागे झोपायची जागा, आणि एकाने चहा करायचा तर दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं असं स्वयंपाकघर. शहराबाहेर अशा गाड्यांचा एक तळ आहे, तिथे आम्ही उभे आहोत. दर गाडीमागे एक नळ आणि एक विजेचा खांब. शेजारच्या गाडीत एक निवृत्त नर्सबाई असतात. त्यांचं शहरात घर आहे, पण थंडीत तळ बंद होईपर्यंत त्या इथेच राहतात. त्यांच्याकडे एक लहान कार आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी आईला खुब्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं, ते आम्ही त्यांच्या कारने जातो. एवढ्यासाठी गाडी काढायची म्हणजे बाजाराला जाताना पलंग बरोबर नेण्यासारखं आहे.

काल मंगळवार होता. परत आलो तर दार उघडं.

आयुष्यभर मी इंजिनियरांच्या हाताखाली लोकांच्या घरांचे नकाशे काढले, पण इतकं लबाड दार कधी पाहिलं नाही. बाहेरून भरभक्कम, आत दोन पातळ पत्र्यांमधे नुसता फेस भरलेला. कुलूप प्लास्टिकच्या मुठीत. एक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर असला की झालं. रेडिओ गेला, माझी दुर्बीण गेली, जुना रेनकोट गेला. आईच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. त्या तिने साखरेच्या डब्यात, साखरेखाली ठेवल्या होत्या. मलासुद्धा माहीत नव्हतं. चोराने पाव खाल्ला आणि उरलेला कागदात नीट गुंडाळून ठेवला. चहाही केला असावा, कारण एक कप विसळून फडक्यावर पालथा घातलेला होता. चोर चांगल्या घरातला असावा असं मी म्हणालो. तुझी आई हसली नाही. तिने तो कप उचलला आणि कपाटात मागे ठेवून दिला.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं आता माझं चालू आहे. दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी बसवतो आहे. पुढच्या दोन दारांना एकमेकांशी जोडणारा पट्टा मिळतो, तो मागवला आहे. गजराचं तेवढं विचार.

धाकट्याचं काही कळलेलं नाही. तू विचारणार नाहीस हे माहीत आहे, मीच आपलं लिहिलं.

बाबा

२ ऑक्टोबर, शनिवार

पोरी,

जावईबापूंचा कागद मिळाला. किती व्यवस्थित लिहिलंय त्यांनी, आकृतीसकट. माझे आभार कळव. त्या कागदाच्या तळाशी तुझ्या अक्षरात एक ओळ होती, "बाबा, तोच आहे ना?" ती वाचून मी कागदाची घडी केली आणि बाहेर जाऊन उगाच टायरमधली हवा बघत बसलो.

हो. तोच आहे.

मंगळवार आणि शुक्रवार सोडून तो येत नाही. आम्ही किती वाजता जातो आणि कधी येतो हे त्याला ठाऊक आहे. आणि आई साखरेच्या डब्यात काय लपवते हे जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तो चार वर्षांचा असताना त्याच डब्यातून गोळ्या चोरायचा. आता गोळ्यांसाठीच चोरतो, एवढाच काय तो फरक. गोदामात पेट्या उचलताना त्याची पाठ गेली, डॉक्टरने दुखण्याच्या गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या राहिल्या. हे सगळं तू माझ्यापेक्षा आधी ओळखलं होतंस. मी तेव्हा म्हणालो होतो, तू भावाचा दुस्वास करतेस.

मी घर विकलं ते त्याच्यापासून लांब जायला, हे तुला आज सांगून टाकतो. ज्या दिवशी त्याच्या धक्क्याने आई जिन्यावरून पडली आणि तू म्हणालीस की तो या घरात आहे तोवर मी माझी मुलं इथे आणणार नाही, त्या दिवशीच मी ठरवलं. दारं बदलली, कुलपं बदलली, तो प्रत्येक वेळी आत. मग वाटलं, घरच हललं तर? चाकांवरच्या घराला पत्ता नसतो. आई लगेच हो म्हणाली तेव्हा मला संशय यायला हवा होता. मी दहा तळ दाखवले, तिने हा निवडला. हवा चांगली आहे म्हणाली. हवा कसली! फाटकासमोरून सुटणारी बस थेट त्याच्या गोदामापाशी जाते. आणि इथे आल्या आल्या तिने त्याला कळवलं की आम्ही कुठे आहोत.

आई अजूनही लोकांना सांगते, जिन्यावर पाय घसरला.

काल शुक्रवारी तो पुन्हा आला. दाराला माझी पट्टी होती, म्हणून मागच्या खिडकीतून आला. या खिडक्या काचेच्या नसतात, प्लास्टिकच्या असतात, खालून पटाशी घातली की कड्या सुटतात. पण कड्या तुटलेल्या नव्हत्या. मी भिंग घेऊन पाहिलं. कड्या आतून उघड्या ठेवलेल्या होत्या.

मी विचारलं, "ही खिडकी कोणी उघडी ठेवली?"

"उकडत होतं," आई म्हणाली.

"इथल्या ऑक्टोबरात?"

"मला उकडतं. तुम्हाला उकडत नाही तर मी काय करू?"

"आणि टेबलावर डब्यात बटाटे कोणासाठी उकडून ठेवले होतेस? तो डबा रिकामा कसा झाला?"

तेव्हा ती बसली. काठी टेबलाला टेकवली. म्हणाली, "अहो, तो खिडकीतून उतरताना त्याची पाठ दुखली असेल. तुम्ही ती पट्टी काढा. दाराने येऊ द्या."

"घर आहे का धर्मशाळा?"

"घर असतं तर किल्ली त्याच्याकडेही असती," ती म्हणाली. "ही तर तिजोरी करून ठेवलीत तुम्ही. आणि आत काय ठेवलंय, तर मी आणि तुम्ही."

मी चिडलो, ओरडलो. नर्सबाईंच्या गाडीचा दिवा लागला, म्हणून गप्प झालो. आज सकाळी तळाच्या व्यवस्थापकाकडे गेलो. भला माणूस आहे. त्याला सांगितलं, बाहेरचे लोक आत शिरतात, म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या फोडतात, फाटक उघडं टाकून कसं चालेल? तळावरच्या सगळ्या गाड्यांत फिरून लोकांना गोळा केलं. सगळ्यांनी मला दुजोरा दिला. आता फाटकाला आडवा दांडा बसणार, दिवसभर एक राखणदार बसणार. तो चोर कोण, हे मी कोणाला सांगितलं नाही.

गजर सोमवारी बसेल. जावईबापूंनी सांगितला तोच.

बाबा

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

पोरी,

आज जे झालं ते आजच लिहून काढतो. उद्यावर टाकलं तर मी त्याला काहीतरी बरं रूप देईन.

व्यायाम संपला, पण आईला डॉक्टरांना दाखवायचं होतं आणि रांग मोठी होती. नर्सबाई तिच्यापाशी थांबल्या. गॅसची टाकी यायची होती म्हणून मी एकटा बसने पुढे आलो. फाटकापाशी उतरलो तर गजर ऐकू आला. तू कधी ऐकला नसशील. तो नुसता वाजत नाही, किंचाळतो. दाताच्या मुळापर्यंत जातो. मी चालत होतो आणि मनात काय येत होतं माहीत आहे? वा, काम चोख झालं.

गाडीभोवती माणसं जमली होती. कोणी ओल्या हातांनी, कोणी वर्तमानपत्र घेऊन. राखणदाराने एकाला दंडाला धरलं होतं. माझा रेनकोट घातलेला. तो त्याला आता मोठा होतो, पोरी. माझा कोट त्याला मोठा होतो. खिडकीच्या आतून मी पत्र्याची पट्टी ठोकली होती, तिची कड घासायची राहून गेली होती. त्याचा उजवा तळवा त्यावर फाटला होता आणि रक्त बाहीत चाललं होतं. त्याने हात वर धरला होता, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

व्यवस्थापक मला पाहून ओरडला. गजरामुळे ओरडावंच लागत होतं. "काका! बरं झालं आलात! ह्याला ओळखता का? हा म्हणतो ही माझ्या आईची गाडी आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या सगळ्यांना मी गाडीगाडीत जाऊन सांगितलं होतं, बाहेरचे लोक, भुरटे लोक, ह्यांना आत येऊ द्यायचं नाही. काहींनी माझं ऐकून स्वतःच्या गाड्यांना कुलपं बसवली होती.

मी म्हणालो, "नाही."

व्यवस्थापकाला ऐकू गेलं नाही. "काय?"

"नाही! ओळखत नाही मी ह्याला!"

दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा ओरडून.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. एखाद्याला रस्ता विचारावा आणि त्याने मला माहीत नाही म्हणावं, तेव्हा आपण जसं बघतो तसं त्याने बघितलं. मग व्यवस्थापकाला म्हणाला, "बरोबर आहे. चुकून आलो मी. गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात."

माझी लाज त्याने झाकली. त्या अवस्थेत.

"पोलीस बोलवू का काका?"

"काही गेलेलं नाही. जाऊ द्या त्याला."

"पुन्हा फाटकाशी दिसलास तर याद राख," व्यवस्थापक त्याला म्हणाला, आणि राखणदार त्याला फाटकाबाहेर सोडून आला. मी किल्लीने गजर बंद केला. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. एक बाई म्हणाली, घाबरलात ना, पाणी प्या.

त्याला पोलिसांत जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी नाही म्हणालो, असं मी मनाशी जुळवून पाहिलं. जुळत नाही. ओळखतो म्हटलं असतं तरी पोलीस आले नसते. मला लाज वाटली, एवढंच खरं. उकिरड्यावरून उठून आलेल्यासारखा तो दिसत होता, आणि चार माणसांत मी इस्त्रीचा सदरा घालून उभा होतो.

पायरीवर रक्त होतं. आई यायच्या आत मी ते धुतलं. तरी फटीत थोडं राहिलं. आई आली, खाली बघून चढली आणि तिथेच थांबली.

"गजर वाजला होता का?"

"मांजर शिरलं होतं," मी म्हणालो.

काठीच्या टोकाने तिने ती फट चाचपली. मग विचारलं, "मांजराला फार लागलं का हो?"

मी म्हणालो, नाही, थोडंसं.

हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? तुझ्याशीही बोलायचं तोंड नाही, म्हणून लिहितो आहे.

बाबा

१० नोव्हेंबर, बुधवार

पोरी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही दोघं इकडे या, अंगणात गाडी उभी करायला जागा आहे, मुलं आजीची वाट बघताहेत. तू असं लिहिशील असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तुझी अटही वाचली. पत्ता त्याला कळता कामा नये. बरोबर आहे तुझं. तुझ्या घरात लहान मुलं आहेत.

आईला वाचून दाखवलं. मुलांचं आलं तेव्हा तिने डोळे पुसले. अटीचं आलं तेव्हा म्हणाली, "एवढं पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बघू." तुझ्या आईचं 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

इथे आता चोऱ्या होत नाहीत. एकही नाही. त्या दिवसानंतर पुढच्याच मंगळवारी मी गजर बंद केला. खिडकीची पट्टी काढून कड घासून गुळगुळीत केली, मग वाटलं आता कशाला लावायची, टाकूनच दिली. दाराची आडवी पट्टीही काढली. व्यायामाला जाताना दार नुसतं लोटून जातो. टेबलावर पाव ठेवतो, अंडी उकडून ठेवतो, मलम आणि पट्टीचं बंडल ठेवतो. आई बघते, पण काही विचारत नाही. पहिल्यांदा मी मलम ठेवलं तेव्हा तिने ते उचललं, झाकण घट्ट आहे का बघितलं, आणि सैल करून ठेवलं. एका हाताने उघडता यायला हवं ना, म्हणाली. म्हणजे तिला सगळं कळलंय असं मला वाटलं, पण तसं नाही. रक्त कोणाचं ते तिने ओळखलं होतं. मी काय बोललो ते तिला माहीत नाही.

परत येतो तर अंडी तशीच. पाव तसाच. एकदा मुंग्या लागल्या होत्या, तेवढंच.

दवाखान्यातून निघायची वेळ झाली की आई घाई करते. नर्सबाईंना म्हणते, "जरा वेगाने चला हो." आणि तळाच्या जवळ आलं की म्हणते, "जरा हळू घ्या." आत कोणी असेल तर त्याला पुरता वेळ मिळावा म्हणून. असं आमचं चाललंय. दार ढकलताना दोघंही आवाज करतो, खोकतो. आत कोणी नसतं. मग ती म्हणते, "त्याचं बरं चाललं असेल. बरं चाललं की कशाला येईल तो चोरी करायला?" मी म्हणतो, "हो, काम लागलं असेल कुठेतरी."

मी शोधायला गेलो होतो. आईला सांगितलं, चष्म्याच्या दुकानात जातो. गोदामाच्या दारावर विचारलं, तिथल्या माणसाला त्याचं नावही आठवेना. बेघर पुरुषांसाठी एक निवारा आहे, तिथे गेलो. तिथल्या बाईंनी मान हलवली. होता म्हणाल्या, हाताला फडकं बांधलेला, फारसं न बोलणारा. हात सुजला होता म्हणून इस्पितळात जायला सांगितलं, तर गेला तो गेला, जागा दुसऱ्याला दिली. इस्पितळात गेलो. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. मागे रांग होती. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणालो, "वडील." इतकं हळू म्हणालो की त्याने कान पुढे केला. त्याने यंत्रात पाहिलं. त्या नावाचं कोणी आलेलं नाही म्हणाला.

येताना खरंच चष्म्याच्या दुकानात गेलो, निदान तेवढं खोटं ठरू नये म्हणून.

थंडी पडायला लागली आहे. महिनाअखेरीला तळ बंद होतो. नळ गोठतात, म्हणून पाणी तोडतात आणि सगळ्यांना जावं लागतं. तू बोलावलं नसतंस तर आम्ही कुठे गेलो असतो मला माहीत नाही. मी आईला म्हणतो, चल. ती म्हणते, "गाडी हलली तर तो आपल्याला शोधणार कुठे?" गाडी चोरापासून वाचवायची तर हलवून न्यावी, याहून पक्का उपाय कुठल्याच कुलूपवाल्याकडे नाही. मीच तर त्यासाठी ती घेतली होती.

बाबा

१ डिसेंबर, बुधवार

पोरी,

हे पत्र रस्त्यावरून लिहितो आहे. एका धाब्याच्या मागे मालट्रक उभे राहतात, तिथे मी गाडी लावली आहे. मुद्दाम थांबलो आहे. माझ्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

आई बरोबर नाही.

काल तळाचा शेवटचा दिवस होता. बहुतेक गाड्या आधीच गेल्या होत्या. आई अखेर यायला तयार झाली होती. कशी झाली ते विचारू नकोस, मी तिच्यापुढे रडलो. तिने कपबशा टॉवेलात गुंडाळल्या, बाक पुसलं, दाराशी खुर्ची टाकून बसली. नर्सबाई शहरातल्या घरी परत निघाल्या होत्या, त्या निरोप घ्यायला आल्या. तेवढ्यात व्यवस्थापक विजेची तार काढायला आला. खूश होता. म्हणाला, "काका, तुमचे उपकार आहेत. तुम्ही मागे लागलात म्हणून फाटक झालं. दरवर्षी दोन-चार चोऱ्या ठरलेल्या, यंदा त्यानंतर एक नाही. तो पोरगासुद्धा दोन-तीनदा येऊन गेला, पण आत पाऊल टाकू दिलं नाही त्याला."

"कोण पोरगा?" आईने विचारलं.

मी म्हणालो, "अगं, आपल्याला उशीर होतोय."

"कोण पोरगा?"

"तो हो काकू, हात कापलेला. खिडकीत सापडला होता तो. खरं सांगायचं तर चोरी करायला नव्हता आला नंतर. फाटकाबाहेरच उभा राहायचा. विचारायचा, त्या काठीवाल्या बाई बऱ्या आहेत का, त्यांचा पाय कसा आहे. मी म्हटलं, तुला रे कशाला पंचायती? काकांनी तुझ्या तोंडावर सांगितलंय ना, ओळखत नाही म्हणून? इथे तुझं कोणी नाही. चल, नीघ."

तो तार गुंडाळत बोलत होता. आईच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

आई म्हणाली, "हाताचं कसं होतं त्याच्या?"

"हात ना? सुजलेला वाटत होता. खिशातून काढत नव्हता."

"शेवटचा कधी आला?"

"झाले असतील काही दिवस. गार वारा सुटला होता तेव्हा. त्यानंतर नाही दिसला."

मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हातातली तार तिथेच ठेवून गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं.

आई माझ्याकडे वळली. "दार उघडं ठेवत होतात," ती म्हणाली. "महिनाभर. अंडी उकडत होतात."

मी गाडीची किल्ली खिशात टाकली.

"मी रोज देवाला विचारत होते, हा का येत नाही. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"मला माहीत नव्हतं गं तो फाटकाशी येतो."

"पण तुम्ही काय बोललात ते तर माहीत होतं ना?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी हात धरला असता. ती आत गेली, तिची पिशवी घेतली, औषधं घेतली. कपबशा तशाच राहिल्या. पायरी उतरताना मी हात पुढे केला, तो तिने धरला, कारण पायरी उंच आहे आणि तिला एकटीला उतरता येत नाही. खाली उतरल्यावर सोडला.

नर्सबाईंना म्हणाली, "मला थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का? मी तुम्हाला जड होणार नाही."

नर्सबाई म्हणाल्या, "वहिनी, असं काय बोलता, बसा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, "मीही राहतो. गाडी शहरात कुठेतरी लावू. दोघं मिळून शोधू त्याला."

तेव्हा ती जे बोलली ते तुला तसंच्या तसं लिहितो. राग नव्हता गं तिच्या आवाजात. भाजी संपली आहे, असं सांगावं तसं म्हणाली, "अहो, तुम्ही राहून काय कराल? तुम्हाला लांबून बघितलं तरी तो परत फिरेल. मी एकटी दिसले तर कदाचित येईल पुढे. तुम्ही पोरीकडे जा. तिने बोलावलंय, एकाने तरी जायला हवं."

कारचं दार तिने स्वतः ओढून घेतलं. मी तिथे उभा होतो. राखणदाराने दांडा वर केला, कार गेली, दांडा खाली आला. मग त्याला माझ्यासाठी पुन्हा वर करावा लागला.

नर्सबाईंचा पत्ता खाली लिहिला आहे. आईला पत्र लिही. ती उत्तर देईल, तुझ्यावर तिचा राग नाही. तिचा पाय थंडीत आखडतो, व्यायाम चुकवू नकोस असं तिला सांग, माझं नाव न घेता सांग. आणि तुझी अट मोडते आहे हे मला कळतं, पण तिला तुझा पत्ता माहीत आहे आणि तो भेटला तर ती त्याच्यापासून लपवणार नाही. त्यावर काय करायचं ते तू ठरव. मी आता कोणाच्या दाराबद्दल काही सांगायच्या लायकीचा राहिलेलो नाही.

तो भेटेल असं मला वाटत नाही. तुला खोटी आशा देऊ शकत नाही. सुजलेला हात, ही थंडी, आणि कुठेही नाव नाही. काल तिथून निघाल्यापासून गाडी चालवताना रस्त्याच्या कडेने चालणारा प्रत्येक माणूस मी नीट बघून घेतला. एका ठिकाणी तर थांबलोसुद्धा. त्या माणसाला वाटलं मी त्याला पुढे सोडतो म्हणून थांबलोय, तो बिचारा धावत आला. मग त्याला घेतलं. पुढच्या गावापर्यंत तो शेजारी बसून होता. उतरताना म्हणाला, भलं होवो तुमचं काका.

हे पत्र आज टाकतो. शनिवारपर्यंत इथेच थांबतो, रविवारी संध्याकाळी पोचेन. गाडी बघायला मुलं धावत बाहेर येतील, तेव्हा त्यांना थोडा वेळ घरातच थोपव. ती आधी आजी कुठे म्हणून विचारतील. मी सांगेन, मागून येते आहे. तू तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

बाबा